हवेत राहिलेली शेळी

पुणे, ९ जानेवारी २०२५

चंद्रे,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. एक पान, टाइप केलेलं, खाली नावसुद्धा टाइप केलेलं. बँकेतून येतं तसं. मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं आत अजून काही अडकलंय का. नव्हतं. आणि उजवीकडचा खालचा कोपरा कोरा!

सतरा वर्षं झाली बाई. कामाचं फोनवर, मनातलं कागदावर आणि कोपऱ्यात शेळी, हा नियम तूच केलास. कॉलेजच्या भिंतीवरून उडी मारून आलेल्या शेळीनं तुझं निसर्गचित्र खाल्लं तेव्हा तू रडत होतीस आणि मी पोट धरून हसत होते. मी पुण्याला आले आणि तिची उडी आपण पत्रांच्या कोपऱ्यात काढायला लागलो. एक चित्र तुझं, पुढचं माझं. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. दोन्ही गठ्ठे एकत्र करून पानं फरफरवल्याशिवाय ती हलायची नाही. गेली चार वर्षं ती भिंतीच्या वर हवेत आहे, कारण तिला खाली आणायची आपल्या दोघींनाही घाई नाही. आणि तू तिला तशीच सोडून दिलीस? रागावली असशील तर तसं सांग. कोरा कोपरा नको पाठवूस.

आता इकडचं. आपल्या ॲनिमेशनच्या स्टुडिओत यंत्र आलं. यंत्र म्हणजे दिसायला काही नाही, एक प्रोग्रॅम आहे. पहिलं चित्र द्या, शेवटचं द्या, मधली सगळी ते काढतं. ज्या मधल्या चित्रांवर आपण अर्धं आयुष्य घातलं ती चहा गाळून होईपर्यंत तयार. कधी माणसाला सहा बोटं येतात, पण ते रोज सुधारतंय. दिवाळीत मधल्या चित्रांच्या खोलीत आम्ही दहाजण होतो. आता मी एकटी, आणि समोर अल्तमश. तो चित्रकार नाही, यंत्र सांभाळणारा इंजिनिअर आहे. अक्कलकोटचा पोरगा. फार अदबीनं बोलतो, आणि मला त्याची भीती वाटते. बाकीच्या खुर्च्या अजून तिथंच आहेत. एकीच्या पाठीवर ओढणी राहिलीय. न्यायला कुणी आलं नाही.

पृथ्वीराज सर म्हणालेत, सिनेमा पुरा होईपर्यंत तू सोलापुरातून काढत राहायचंस. तुझी रेष सगळ्यांत स्वच्छ, म्हणून यंत्राला शिकवायला तुझीच चित्रं द्यायची असं चाललंय. मी "विचारून सांगते" म्हणाले. प्रसंग ३१ पाठव लवकर. बेचकी हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याची ती पोर पहिल्यांदा एकटी माळावर जाते, तो प्रसंग. सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे.

येताना आण, नाही तर पोस्टानं तरी शेंगाचटणी पाठव. इथली म्हणजे लाल भुसा.

तुझी,
वैजू

(कोपऱ्यात मी शेळीची शेपटी थोडी वर घेतलीय. बघ.)


सोलापूर, १६ जानेवारी २०२५

प्रिय वैजयंती,

रागावलेली नाही. नवीन प्रिंटर घेतलाय, तो वापरून बघत होते. दिवसभर संगणकाच्या पाटीवर काढून डोळे शिणतात, मग पुन्हा पेन धरायचा कंटाळा येतो. अम्माचे गुडघे थंडीनं दुखतात. गड्ड्याची जत्रा सुरू आहे, लाउडस्पीकर इथपर्यंत ऐकू येतो.

प्रसंग ३१ आज पाठवला आहे. चटणी वेगळी पाठवते.

शेळी अजून थोडे दिवस हवेत राहिली तर काही बिघडणार नाही.

तुझी,
चंद्रिका


सोलापूर, १६ जानेवारी, दुपार

वैजू,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून हातानं लिहितेय. तुझ्या नावातला 'ज' बघ कसा आलाय.

दिवाळीत पहिल्यांदा कळलं. दारात लक्ष्मीची पावलं काढत होते. अम्मा वरून बघत होती. म्हणाली, "काय ग पिल्ला, लक्ष्मी थंडीनं कुडकुडायलीय का?" दोघी हसलो. मी आत जाऊन हात धुतला. दोनदा धुतला, हाताला काहीतरी लागलं असावं तसा.

तेव्हापासून रोज बघतेय. पेन टेकवलं की सुरू होतं. चहाचा कप उचलला की बशीत सांडतो, म्हणून मी कप अर्धाच भरते. अम्माला सांगितलं, चहा कमी केलाय.

माझे वडील कंपवातानं गेले ते तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नान्ना चादरीच्या कारखान्यात ग्राफ मास्तर होते. चौकटीच्या कागदावर मोर, हरणं, वेली, सगळं चौकोन-चौकोन रंगवून काढायचं. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची आणि पुठ्ठ्यांवरून माग विणायचा. कागदावर एक चौकोन चुकला तर तो प्रत्येक चादरीत चुकणार. मी तेरा वर्षांची होते. संध्याकाळी पेपर वाचताना त्यांचा मांडीवरचा हात आपोआप हलायचा, अंगठ्यानं आणि बोटानं गोळी वळल्यासारखा. ब्रश उचलला की थांबायचा. म्हणून ते म्हणायचे, काही नाही, वारं लागलं असेल. पुढं ब्रश धरायलाच बोटं वळेनात. मग ग्राफ घरी यायला लागले. दार लावून मी चौकोन भरायचे आणि ते नखानं दाखवायचे, हा, आता हा. दोन वर्षं कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही. मला केवढा अभिमान होता वैजू.

मग मी एका मोराचा डोळा एक घर डावीकडे भरला. अख्खा लॉट तिरळ्या मोरांचा निघाला. चूक नान्नांनी आपल्यावर घेतली आणि ते घरी बसले. तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षं काय करत होता?" नान्नांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवायचं म्हणून बघितलं नाही की रागानं, हे मला आजवर कळलेलं नाही.

दवाखाना इथून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. डॉक्टर काय म्हणतील ते मला पाठ आहे, म्हणून जात नाही.

प्रसंग ३१ तीनदा काढला. तिन्हीदा रेष थरथरली. शेवटी तसाच पाठवला. तू तो परत पाठवशील, विचारशील, आणि मग मला सांगावंच लागेल. फोनची वाट बघतेय आणि फोन पालथा ठेवलाय.

च.


पुणे, ६ फेब्रुवारी २०२५

अगं चंद्रे, चंद्रे, चंद्रे!

फोनवर सांगणार होते, पण हे कागदावरच सांगायचं आहे. मी चुलत बहिणीच्या लग्नाला मोहोळला गेले होते. तेवढ्यात तुझा ३१ आला आणि थेट सरांच्या टेबलावर गेला. परत आले तर सगळे मोठ्या पडद्यासमोर उभे. पाणाड्याची पोर बेचकी धरून माळावर चाललीय, आणि तिची सगळी रेष थरथरतीय! हात, परकर, पायाखालचं गवत, पाठीमागचं आभाळसुद्धा. जमिनीखालचं पाणी तिच्या अंगातून वर आल्यासारखं. शेजारच्या पडद्यावर यंत्रानं काढलेला तोच प्रसंग. गुळगुळीत. पोर काचेवरून घसरत गेल्यासारखी जाते. मग सर म्हणाले, "ही रेष श्वास घेते." त्यांचे डोळे भरले होते. नऊजणांना घरी पाठवताना कोरडे होते ते डोळे.

तू हे ठरवून केलंस ना? मला आधी सांगितलं का नाहीस ग घुमे? आता ऐक. सगळा सिनेमा याच रेषेत करायचा असं ठरलंय. पुढचे प्रसंग तू काढायचेस, आणि काढताना पेन कुठं दाबलं, कुठं हललं, त्याची नोंद संगणक ठेवेल. अल्तमश तुझ्या पाटीवर दुरून तसं बसवून देईल. ती नोंद यंत्राला शिकवायची आणि बाकीचा सिनेमा यंत्र थरथरवेल. अल्तमश म्हणाला, "मॅडम, थरथर शिकवायला फार अवघड असते. ती अशी हवी की माणसाची वाटली पाहिजे."

मला आनंद झालाय आणि भीतीही वाटतेय. तुझी रेष आहे म्हणून यंत्राला तुझी गरज आहे, तू आहेस म्हणून माझी आहे. ते शिकलं की मग? पण निदान तोपर्यंत. होय म्हण.

कसं केलंस ते सविस्तर लिही. आणि कोपरा कोरा आला तर मी पत्र परत पाठवीन, पोस्टमनच्या हाती.

तुझी,
वैजू


सोलापूर, ८ मार्च २०२५

प्रिय वैजू,

उत्तराला महिना लागला. होय म्हणाले ते तुला फोनवरून कळलंच आहे. नोंद सुरू आहे. अल्तमशनं बसवून दिल्यापासून पाटीच्या कडेला एक लाल ठिपका असतो. तो पेटला की मी काढते.

कसं केलं विचारतेस. पेन अगदी शेवटाला धरते, लांबून. मग ते आपोआप हलतं. विशेष काही नाही. कुणालाही जमेल.

एक गंमत सांगते. परवा सकाळी उठले, काढायला बसले, तर रेष सरळ. एकदम सरळ, वीस वर्षांपूर्वीसारखी. अठ्ठावीस चित्रं काढली. अम्माला हाक मारून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण ती माझं तोंड बघून हसली. मग मी पूर्ण भरलेला कप चहा प्यायले. संध्याकाळी सरांचा निरोप आला: यात जीव नाही, पुन्हा काढा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. ती पसंत पडली.

पंखा लावायला सुरुवात झाली आहे. यंदा ऊन लवकर आलं.

तुझी,
चंद्रिका

(कोपरा कोरा आहे. परत पाठवू नकोस.)


पुणे, ४ एप्रिल २०२५

चंद्रा,

हे पत्र चारदा फाडलं. आता जे येईल ते येऊ दे.

परवा चहाच्या खोलीत अल्तमश आला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? रागावू नका. सोलापूरच्या मॅडमची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, का रे? त्यानं मला त्याच्या टेबलाशी नेलं. तुझ्या महिन्याभराच्या नोंदीतून यंत्रानं एक आकृती काढलीय. बारीक बारीक लाटा. म्हणाला, "हे बघा. पोर घाबरते तेव्हा सेकंदाला सहा वेळा. पोर झोपते तेव्हापण सहा. ढग काढला तरी सहा, बकरीचा कान काढला तरी सहा. कलाकार मुद्दाम हलवतो तेव्हा कमीजास्त होतं मॅडम. हे होत नाही. हे चित्रातलं नाही, हातातलं आहे." मग हळूच म्हणाला, "आमच्या दादीचं असंच होतं. घरात आम्हाला लई उशिरा कळलं."

मी घरी आले. तुझी सगळी पत्रं काढली. गेल्या वर्षीच्या गणपतीतलं, तुझ्या हातचं शेवटचं. 'प्रिय'मधली वेलांटी बघितली. तेव्हा वाटलं होतं, घाईत लिहिलंय. टाइप केलेली आली तेव्हा वाटलं, मोठी झाली, वैजू नको झाली. एवढी कशी मी आंधळी?

आणि आता माझं. नोव्हेंबरपासून तुझे प्रसंग यायचे, २७, २८, २९, ३०. रेष कुठं कुठं हललेली असायची. सरांना दाखवायच्या आधी मी बसून ती सरळ करायचे. मला वाटलं, तुझं मन उडालंय, ढिसाळ काढतेस. राग आला होता म्हणून विचारलं नाही, आणि खुर्च्या रिकाम्या होत होत्या म्हणून कुणाला कळू दिलं नाही. तू माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून लपवलं. मी लग्नाला गेले नसते तर ३१ पण पुसून सरळ केला असता.

नोंद मी थांबवलीय. कारण सांगितलेलं नाही. सर चिडलेत. अल्तमश कुणाला सांगणार नाही. पण महिन्याभराचं यंत्राकडे गेलंय चंद्रे. काल त्यानं एक तुकडा चालवून दाखवला, तू न काढलेला. पोर नदीत हात घालते. हुबेहूब तू. तू सोलापुरात बसलेली होतीस आणि इथं तुझा हात थरथरत होता. मी उठून बाहेर गेले.

दवाखान्यात जा. मी येते.

वैजू


सोलापूर, ९ एप्रिल २०२५

वैजू,

येऊ नकोस.

हे हातानं लिहितेय, आता लपवायचं काय राहिलंय. सोबत जानेवारीतलं एक पत्र घातलंय. पाठवलं नव्हतं. नान्नांचं आणि मोराचं त्यात आहे. वाच, म्हणजे तू माझ्यासाठी काय करत होतीस ते तुला कळेल. मी त्यांच्यासाठी तेच केलं होतं. त्यांचं भलं झालं नाही.

माझ्या आईला कळलं नाही, मैत्रिणीला कळलं नाही, एका यंत्रानं मोजून सांगितलं. याचा मला राग यायला हवा. येत नाही. नुसती भीती वाटते. तो नदीचा तुकडा मीही बघितला, अल्तमशनं पाठवला, मीच मागितला. एकदा बघून बंद केला. मग पुन्हा बघितला. नान्नांचा हात शेवटी कसा होता माहीत आहे? घास तोंडापर्यंत जाईपर्यंत सांडून जायचा. अम्मा भरवायची तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. यंत्राकडे माझा हात आज जसा आहे तसाच राहील, सुंदर, थोडासा हलणारा, श्वास घेणारा. माझा मात्र पुढं जाईल. मग लोक सिनेमा बघून म्हणतील, काय रेष आहे, आणि ज्या बाईची ती आहे तिला तिची अम्मा भरवत असेल. अम्मा बहात्तरची आहे, वैजू. ती कुणाकुणाला भरवणार?

मला जाऊन ऐकायचं नाही. अजून थोडे दिवस नाही.

च.


पुणे, १३ एप्रिल २०२५

चंद्रे,

गप्प बस आणि ऐक.

तुझं जुनं पत्र वाचलं. तेरा वर्षांच्या पोरीनं बापाचं काम केलं, यात त्या पोरीचा काय गुन्हा ग? पण आता तू एक्केचाळीसची आहेस. आता करशील तर गुन्हा.

मी तुला धीर देणार नाही. मला येत नाही, आणि मीच घाबरलेय. सर म्हणालेत, कारण सांगा नाहीतर नोंद सुरू करा. तू नाहीस तर मी नाही, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मी कारण सांगितलेलं नाही. ते तुझं आहे. सांगायचं तर तू सांग, नाही तर मी खुर्चीवर ओढणी टाकून निघून येईन, मोहोळला शेरडं राखीन. खरी.

पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येतेय. डॉक्टरांची वेळ घेतलीय, बाई आहेत, फोनवर आवाज बरा वाटला. माझा गठ्ठा सोबत आणतेय. तुझा काढून ठेव.

अम्माला सांग, कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवीय. दवाखान्याचं मी आल्यावर सांगू.

वैजू


सोलापूर, २ मे २०२५

प्रिय वैजू,

तू अम्माला घेऊन बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हा आत काय झालं ते मी तुला रिक्षात दोन वाक्यांत सांगितलं. बाकीचं आता लिहिते. ओळी वर-खाली होतील, सांभाळून घे.

डॉक्टरबाईंनी आधी काही विचारलंच नाही. म्हणाल्या, हात मांडीवर ठेवा, सैल सोडा, आणि शंभरातून सात-सात वजा करत जा. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी म्हणत होते आणि त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मीही बघितलं. हात पडून होता. मांजरासारखा.

मग कोरा कागद दिला. "जिलबी काढा. आतून बाहेर, हात कागदाला न टेकवता." वैजू, आयुष्यात मी किती लाख रेषा काढल्या असतील. एवढी भीती एकाही रेषेला वाटली नव्हती. पेन टेकवलं आणि सुरू झालं. जिलबीचं प्रत्येक वेटोळं दातेरी आलं. मी कागद उलटा करायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "वडिलांचा हात कसा हलायचा? काम करताना की नुसता असताना?"

मी सांगायला लागले. संध्याकाळ, पेपर, मांडीवरचा हात, गोळी वळणारी बोटं. ब्रश उचलला की थांबायचा. आणि हे म्हणता म्हणता मी मध्येच थांबले.

माणूस चालताना बघून त्याचा कुठला गुडघा दुखतो ते मला सांगता येतं. दूधवाल्याची चाल वेगळी, अम्माची वेगळी, याच्यावरच मी आजवर जगले. नान्नांचा हात मी दोन वर्षं रोज बघितला. त्यांचा नुसता असताना हलायचा आणि कामाला लागला की थांबायचा. माझा कामाला लागला की हलतो आणि नुसता असला की थांबतो. बरोबर उलटा. दिवाळीपासून तो माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि मी एकदाही बघितला नाही. बघितले ते नान्नाच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा कंपवात वाटत नाही, दुसरा प्रकार दिसतो. पण आज शिक्का मारणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा जिलबी काढायची. गोळी दिलीय. तिनं कमी होईल, जाईलच असं नाही. वाढूही शकतो, सावकाश. "आधी का नाही आलात?" हेही म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घरात ही सवय आहे.

तेव्हा भीती संपली असं समजू नकोस. सकाळी डोळे उघडले की आधी हात बघते, मग घड्याळ. पण आता बघते तरी.

सरांना मीच फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडे?" मी फोन ठेवला. तासाभरानं त्यांचाच आला. आवाज पडला होता. गोळ्या वेळेवर घ्या, म्हणाले. मी त्यांना लिहून कळवलंय: ३१ माझा आहे, तो सिनेमात राहू दे. हललेली रेषही माझी आणि न हललेलीही माझी. काढीन त्या दिवशी जी येईल ती घ्यावी लागेल. सरळ आली म्हणून परत पाठवायची नाही. आणि महिन्याभराची नोंद माझ्या होकाराशिवाय यंत्रानं वापरायची नाही. अजून उत्तर नाही. अल्तमशचा मात्र निरोप आला: ती नोंद त्यानं वेगळी काढून ठेवलीय, "मॅडम म्हणतील तोपर्यंत कुलूप." पोराची नोकरी जाईल ग अशानं. तुझीही जाईल कदाचित, आणि माझीही. शेरडं किती मिळतील मोहोळला ते विचारून ठेव.

तू गेल्यावर अम्मानं आपले दोन्ही गठ्ठे पुन्हा मागितले. बरं झालं तुझा ठेवून गेलीस. तू दाखवलंस तसं अंगठ्यानं फरफरवत बसली होती. शेळी मागं सरते, दबते, उडते, आणि राहते. पुन्हा सुरुवातीपासून. शेवटची पानं आली की तिथं थांबायची. आधी मला वाटलं, माझी कोरी पानं खटकत असतील. मग म्हणाली, "ए पिल्ला, उतरवा ग हिला. किती वर्षं झाली. पाय दुखले असतील."

म्हणून कोपऱ्यात बघ. मी नियम मोडलाय, पुढचं चित्र सोडून एकदम शेवटचं काढलंय. चारी पाय जमिनीला टेकलेत. पुढच्या पायांची रेष थरथरलीय. दोनदा पुसायला गेले होते, पुसली नाही.

मधली चित्रं तू काढ. कितीही लागू देत.

तुझी,
चंद्री